बॅलार्ड इस्टेटमध्ये दुपारचं जेवण: ब्रिटानिया आणि तुमच्या आठवणीतल्या जागा

गोठणेकर

बाबांनी १९७१ ते २००७ अशी ३६ वर्षं बॅलार्ड इस्टेटमध्ये एका क्लिअरिंग एजंटकडे (बंदरातला माल कस्टममधून सोडवून देणाऱ्याकडे) नोकरी केली. काम कस्टम हाउसमध्ये कागद पुढे सरकवण्याचं. बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचा कागद) घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर, तिथून गोदीत, गोदीतून परत ऑफिसात. डोंबिवलीहून सकाळची गाडी आणि हातात तीन पुडांचा डबा. स्प्रॉट रोडवरच्या ब्रिटानिया या जुन्या इराणी हॉटेलच्या दारावरून ते जवळजवळ रोज जायचे, पण आत एकदाही गेले नाहीत. परवडत नव्हतं असं ते कधी म्हणाले नाहीत. "घरचा डबा असताना कशाला?" एवढंच.

मागच्या शनिवारी मी त्यांना घेऊन गेलो. सीएसएमटीला उतरून जीपीओच्या बाजूने चालत निघालो. वाटेत प्रत्येक इमारतीत पूर्वी कोणाचं ऑफिस होतं ते त्यांनी सांगितलं. ७६ वर्षांचा माणूस, पण त्या रस्त्यावर त्यांचा वेग माझ्यापेक्षा जास्त होता.

बारा वाजून दहा मिनिटांनी पोहोचलो तर बाहेर पाच-सहा जण उभे होतेच. आत शिरल्यावर बाबांनी आधी वर बघितलं. "एवढं उंच आहे होय आतून!" भिंतींचा रंग उडालेला, पंखे लांब दांड्यांवर लोंबणारे, वाकवलेल्या लाकडाच्या जुन्या खुर्च्या, टेबलावर चौकड्यांचं कापड आणि त्यावर काच. भिंतीवर जरथुष्ट्र, महात्मा गांधी आणि राणी एलिझाबेथ, तिघेही एकाच खोलीत. बाबा ते बराच वेळ बघत बसले.

मटण बेरी पुलाव, सल्ली बोटी (वर बटाट्याच्या तळलेल्या काड्या घातलेलं मटण) आणि दोन गोड लाईम सोडे मागवले. (पुलावची एक प्लेट दोघांना पुरते. आम्हा दोघांना तरी पुरून उरली.) वेटरने प्लेट ठेवली, वाफ वर आली आणि बाबा थांबले. म्हणाले, "हा वास मला ठाऊक आहे. दोनच्या सुमाराला कस्टममधून परत येताना यायचा."

मला पुढे बोलायला काही सुचलं नाही. मी त्यांच्या ताटात वाढलं.

भात पांढरा आणि केशरी असा मिसळलेला, वर तळलेला कांदा, काजू आणि त्या गडद लाल बेरी. आकाराने मनुक्याच्या निम्म्याहून लहान. मटण भाताखाली रस्सा धरून बसलेलं. बाबांनी आधी पुलाव नुसता खाल्ला, मग बेरी एकेक करून ताटाच्या कडेला काढून ठेवल्या आणि शेवटी त्या एकेक करून खाल्ल्या, लहान मुलं डाळिंबाचे दाणे खातात तशा. शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. बिल आल्यावर त्यांनी पाकीट काढलं, मी नको म्हटलं. "३६ वर्षांचं राहिलंय, मला देऊ दे," म्हणाले. दिलं त्यांनी.

धागा काढण्याचं कारण असं की घरच्याच माणसांनी चालवलेल्या आणि दुपारचं एक जेवण मन लावून करणाऱ्या जागा कमी होत चालल्यात. तुमच्या माहितीतल्या लिहा. नुसती नावं नकोत, काय खाल्लं आणि कोणी वाढलं तेही सांगा.

मीनल_प

"हा वास मला ठाऊक आहे" इथे मी वाचायची थांबले. माझे वडील बंदरात होते. पुढचं मग लिहिते.

बोरीबंदर

सुंदर लिहिलंय. जागेबद्दल थोडी भर घालतो, कारण त्या भागात मी रविवारी सकाळी फिरायला जातो आणि तिथल्या प्रत्येक दगडावर माझा जीव आहे.

बॅलार्ड इस्टेट ही समुद्र हटवून केलेली जमीन आहे. पोर्ट ट्रस्टने १९१४ ते १९१८ या काळात सुमारे २२ एकर भराव घातला. शेजारच्या अलेक्झांड्रा गोदीच्या (आताची इंदिरा गोदी) खोदकामातली माती आणि दगड त्यात वापरले. रचना जॉर्ज विटेटची, गेटवे ऑफ इंडियावाला तोच. सगळ्या इमारतींची उंची आणि दर्शनी बाजू एकमेकींना जुळतील असं त्याने बघितलं. म्हणून तिथे उभं राहिलं की मुंबईत असूनही डोळ्यांना शांत वाटतं. नाव पडलं कर्नल बॅलार्ड यांच्यावरून. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल इथल्याच बॅलार्ड पियरवरूनही सुटायची, थेट पेशावरपर्यंत. बोटीने आलेला माणूस उतरून गाडीत बसायचा.

आणि ब्रिटानिया सुरू झालं १९२३ मध्ये. म्हणजे भराव पुरता होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती. आजूबाजूला जहाज कंपन्या, विमा कंपन्या, कस्टम. राहणारं कोणीच नाही. संध्याकाळी सहानंतर रस्ते ओस. अशा ठिकाणी दुपारचंच जेवण चालणार, रात्री गिऱ्हाईक कुठून आणायचं? ते फक्त दुपारी उघडं असतं ही काही मालकांची लहर नाही, त्या वस्तीचं घड्याळच तसं आहे.

रुस्तमबागेचा_शेजारी

बेरी पुलावबद्दल एक गैरसमज नेहमी ऐकतो, म्हणून लिहितोय. हा पारशी पदार्थ नाही, इराणी आहे. पारशी हजार-बाराशे वर्षांपूर्वी संजाणला आले आणि गुजरातीत मिसळले. ज्यांना आपण मुंबईत "इराणी" म्हणतो ते बरेचसे १९व्या शतकाच्या शेवटी आणि २०व्याच्या सुरुवातीला यझ्द आणि केरमानकडून आले. त्यांतले बहुतेक पारशांसारखेच जरथुष्ट्राला मानणारे, पण बोली वेगळी आणि स्वयंपाकही थोडा वेगळा. ब्रिटानियाचं मालक कोहिनूर घराणं इराणी. म्हणून तिथल्या मेनूवर इराणचा पुलाव, पारशांचं धनसाक (डाळी-भाज्यांत शिजवलेलं मटण) आणि पात्रानी मच्छी (केळीच्या पानात वाफवलेले मासे), साहेबांच्या काळातलं कस्टर्ड अशी सगळी मंडळी शेजारी शेजारी नांदतात.

पुलाव तिथे आला तोही १९८२ मध्ये, सुरुवातीपासून नव्हता. मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नी काही काळ इराणमध्ये नोकरीला होत्या, तिथे त्या झेरेश्क पोलो (आंबट बेरी घातलेला इराणी पुलाव) शिकल्या आणि परत आल्यावर आपल्याकडच्या जिभेला रुचेल असा मसाला वाढवून केला. मूळ इराणी प्रकार सौम्य असतो, कोंबडी, केशर, लोणी आणि बेरी. इथला तिखटमिठाचा आहे. घरातल्या बाईने केलेला बदल दुकानाची ओळख झाला.

गोठणेकर, तुमच्या वडिलांनी तो वास १९८२ नंतरच घेतला असणार. त्याआधी त्या दारातून निराळा वास येत असेल. विचारा त्यांना.

गोठणेकर

विचारलं. म्हणाले, "आधी पावाचा यायचा. भाजलेल्या पावाचा आणि चहाचा." स्वतःलाच आठवलं याचं त्यांना नवल वाटलं.

अबूधाबीकर

झेरेश्क, म्हणजे या पुलावातल्या बेरी, इथे अबूधाबीत इराणी दुकानात सहज मिळतं, म्हणून घरी महिन्यातून एकदा करतो. ती दारुहळदीच्या कुळातली झुडपं. इराणच्या दक्षिण खोरासान प्रांतात सगळ्यात जास्त पिकतात, शरदात काढून वाळवतात. चव निखळ आंबट. क्रॅनबेरी घालून काही हॉटेलांत "बेरी पुलाव" देतात त्याचा याच्याशी संबंध नाही. ती फळं मोठी, गोड केलेली, आणि भातात चिकट होतात.

घरी करायचं तर झेरेश्क नीट निवडा, त्यात काड्या आणि खडे हमखास असतात. गार पाण्यात दहा मिनिटं भिजवा, उपसून कोरडे करा. मग मंद आचेवर थोड्या तुपात चिमूटभर साखर घालून जेमतेम एक मिनिट परता. फुगले की उतरवा. अर्धं मिनिट जास्त झालं तर काळे आणि कडू. माझे पहिले दोन पुलाव असेच वाया गेले, तेव्हा आच मंदच ठेवा आणि कढईसमोरून हलू नका.

ब्रिटानिया या बेरी इराणहून आणतं. तिकडचं राजकारण तापलं की इथल्या भाताची काळजी वाटते, हे मी अगदी मनापासून लिहितोय.

आजीचा_पाटा

मला थेट प्रश्न विचारायचाय. आई पूर्ण शाकाहारी आहे. तिला नेलं तर खायला काही आहे का, की पापड चघळत बसावं लागेल?

केशर_कोकम

@आजीचा_पाटा, शाकाहारी बेरी पुलाव असतो. माझ्या सासूबाईंनी खाल्लाय आणि पुन्हा मागितलाय. शाकाहारी धनसाकही आहे. कस्टर्डमध्ये अंडं असतं, ते मात्र आधी सांगा. एक कराल, आईंना एक वाजता नेऊ नका. ऑफिसवाले आणि पर्यटक एकदम येतात आणि बाहेर सावली कमी. बाराच्या आधी पाच मिनिटं पोहोचलात तर निवांत बसता येतं. पैसे रोख ठेवा बरोबर, जुन्या जागांत तेच बरं.

नाखवा_१९६८

बोमनशेठबद्दल कोणीच सविस्तर लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. माझं ऑफिस १९९६ ते २०१५ तिथून दोन गल्ल्या सोडून होतं. महिन्याला पगार झाल्यावर आम्ही चौघे जायचो.

ते नव्वदीतही टेबलापाशी येऊन स्वतः ऑर्डर घ्यायचे. पाठ वाकलेली, शर्ट इस्त्रीचा, हातात छोटी वही. घाईत असलात तरी तुम्हाला थांबवून विचारायचे, कुठून आलात, काय करता. कोणी परदेशी पाहुणा दिसला की इंग्लंडच्या राणीकडून आलेलं पत्र काढून दाखवायचे. राणीवर त्यांची श्रद्धा होती आणि ती त्यांनी लपवली नाही. २०१६ मध्ये राजपुत्र विल्यम आणि केट मुंबईत आले तेव्हा ताजमध्ये त्यांची भेट झाली. त्या आठवड्यात दुकानात सण असल्यासारखं वातावरण होतं.

तेवढंच सांगून थांबलो तर माणूस अपुरा राहील. वयाच्या सोळाव्या वर्षी ते वडिलांच्या हाताखाली गल्ल्यावर उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात ती इमारत लष्कराने ताब्यात घेतली, धंदा बंद पडला, नंतर पुन्हा उभा केला. सप्टेंबर २०१९ मध्ये गेले, ९७ वर्षांचे होते. म्हणजे दुकानापेक्षा वयाने थोडे मोठेच.

माझी आठवण सांगतो. २००९ मध्ये आमच्यातला एक जण नोकरी गेल्यावर जेवायला आला होता. आम्ही तिघांनी त्याला काही कळू न देता बिल भरायचं ठरवलं होतं. बोमनशेठ आले, चौघांकडे बघितलं आणि त्यालाच म्हणाले, आज तुझा चेहरा बरा नाही, आधी सोडा पी. मग बसले त्याच्या शेजारच्या खुर्चीवर, चांगली दहा मिनिटं. बाहेर रांग होती. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. आमच्या मित्राने तेही कधी सांगितलं नाही, पण त्या दिवशी तो पोटभर जेवला.

मीनल_प

नाखवा, हे वाचून मलाही माझी गोष्ट लिहायचा धीर आला.

आमचे वडील गोदीत क्रेनवर होते. शनिवारी अर्धा दिवस असायचा. महिन्यातल्या एका शनिवारी आई आम्हा दोघी बहिणींना घेऊन भायखळ्याहून बसने यायची आणि आम्ही फोर्टातल्या एका गोमंतकीय खाणावळीत जेवायचो. प्रदीप गोमंतक. जागा एवढीशी, अनोळखी माणसांसोबत टेबल वाटून घ्यायचं. वडिलांचं ठरलेलं, सुरमई तळलेली, तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी. मला सोलकढीचा दुसरा पेला हवा असायचा आणि मागायची लाज वाटायची. वाढणारे काका न विचारता पेला भरून पुढे सरकवायचे. अजूनही कोणी सोलकढी न विचारता भरली की मला ते काका आठवतात.

सदाशिवपेठी

पुण्यातून एक नोंद. कॅम्पातलं दोराबजी हे पारशी हॉटेल, १८७८ पासून. अजूनही घराण्याकडेच. बिर्याणी लाकडावर आणि कोळशावर होते. मी रविवारी जातो, दीडनंतर गेलं की काही ना काही संपलेलं असतं, आणि ते "संपलं" असं सरळ सांगतात. मला ते आवडतं. संध्याकाळपर्यंत पुरवायला पातळ केलेला रस्सा खाण्यापेक्षा उपाशी परत गेलेलं बरं.

रुस्तमबागेचा_शेजारी

धनसाकचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. आमच्या शेजारच्या आंटी धनसाक कधीही वाढदिवसाला किंवा लग्नाला करत नाहीत. घरात कोणी गेलं की तीन दिवस मांस वर्ज्य, चौथ्या दिवशी धनसाकने ते सोडतात. म्हणून शुभकार्यात धान-दार (वरणभात) आणि पातियो (आंबट-तिखट रस्सा). एरवी धनसाक रविवारचं, कारण जेवल्यावर झोपावंच लागतं. तूर-मसूरसारख्या डाळी, लाल भोपळा, वांगं, मेथी असं सगळं एकत्र शिजवून घोटलेलं, आत मटण, शेजारी साखर जाळून रंग आणलेला तपकिरी भात आणि कचुंबर. मी एकदा नोकरी लागल्याचा आनंद साजरा करायला आंटींना "धनसाक करा" म्हणालो होतो. त्या दचकल्या आणि मग प्रेमाने समजावून सांगितलं. त्या दिवशी पातियो झालं.

प्रवासी_पंढरपूर

सगळं छान चाललंय, पण एक कडू अनुभवही लिहायला हवा. फोर्टातच, दुसरीकडे, नाव घेत नाही. तेही घरचं, तीन पिढ्यांचं. गावाहून आलेल्या मामांना घेऊन गेलो होतो. मामा धोतरात. आम्ही रांगेत पहिले होतो, तरी मागून आलेल्या परदेशी जोडप्याला आधी बसवलं आणि आम्हाला जिन्याखालचं टेबल दिलं. मामा काही बोलले नाहीत. जेवण उत्तम होतं, खोटं कशाला सांगू. पण मामांनी वरणभात मागितला आणि अर्धा ठेवून उठले. ताटात अन्न टाकणारा माणूस नाही तो.

घरच्यांनी चालवलेलं म्हणजे आपोआप मायेचं असतं असं मला वाटत नाही. वर नाखवांनी लिहिलेले बोमनशेठ रांग थांबवून नोकरी गेलेल्या पोराजवळ बसले. ते घराण्याने होत नाही, त्या माणसाने होतं.

नाखवा_१९६८

प्रवासी, तुमचं म्हणणं मान्य. मामांबद्दल वाचून वाईट वाटलं. मुंबईला पुन्हा आले तर मला कळवा, मी घेऊन जातो. धोतरातच यायला सांगा.

केशर_कोकम

मला एक वेगळीच काळजी आहे. या जागा टिकण्यासाठी आपण काय करतो? फोटो काढतो, "जुनी मुंबई" म्हणतो आणि वर्षातून एकदा जातो. गिरगावात खोताच्या वाडीतली अनंताश्रम खाणावळ बंद झाली तेव्हा ज्यांना हळहळ वाटली त्यांत मीही होते, आणि मी तिथे शेवटची कधी जेवले होते ते मला आठवत नव्हतं. शंभर माणसांची हळहळ एका दुपारचं भाडं भरत नाही. मी तेव्हापासून नेम केलाय, महिन्यातून एक दुपार अशा ठिकाणी, एकटी असले तरी.

एकट्या बाईला अशा ठिकाणी कोणी घाई करत नाही, हेही लिहून ठेवते. फोर्टातल्या गनबो स्ट्रीटवर आयडियल कॉर्नर या पारशी हॉटेलात मी पुस्तक घेऊन बसलेय. शेवटचा घास संपेपर्यंत ताट कोणी उचललं नाही.

अबूधाबीकर

@केशर_कोकम, खरं आहे. मी सुट्टीत आलो की विमानतळावरून घर, घरून दुसऱ्या दिवशी बॅलार्ड इस्टेट. बायको म्हणते, इराणी भात तर तिकडेच चांगला मिळतो. मिळतो. पण तिकडे पालनजीचा रासबेरी सोडा नाही. लालभडक, गोड, गॅस नाकात जाणारा. १८६५ पासूनची कंपनी आहे. आमच्या लहानपणी नवजोतच्या (पारशी मुलांच्या मुंजीसारख्या विधीच्या) जेवणात शेजारी मिळायचा, तेव्हा ग्लास संपल्यावर जीभ बाहेर काढून लाल झाली का बघायचो.

आजीचा_पाटा

आईला नेलं! काल. बाराला पाच कमी असताना पोहोचलो, केशर_कोकम यांना धन्यवाद. शाकाहारी बेरी पुलाव घेतला. आई पहिल्या घासाला गप्प होती. मग म्हणाली, "यात आमसूल का घातलंय?" बेरी दाखवली, तिने बोटात धरून उजेडाकडे केली, चाखली. "नाही, आमसूल नाही. अर्धं पिकलेलं करवंद वाळवलं तर असं लागेल." ती देवरुखची आहे, करवंदाच्या बाबतीत मी तिच्याशी वाद घालत नाही.

गोठणेकर

आज पुन्हा जाऊन आलो. यावेळी बाबांनी त्यांच्या कस्टमच्या जुन्या सोबत्याला बोलावलं होतं, तेही कधी आत गेले नव्हते. दोघेही अकरा पन्नासला दारात हजर, मी दहा मिनिटं उशिरा. नुसते पायरीजवळ उभे होते, समोरच्या इमारतीत पूर्वी कुठली जहाज कंपनी होती यावर त्यांचं एकमत होत नव्हतं.

आईचे गुडघे दुखतात, तिला एवढं चालवत नाही. निघताना तिने बाबांच्या हातात पिशवी दिली होती, आत काय ते मी विचारलं नव्हतं. जेवण झाल्यावर बाबांनी पिशवीतून ऑफिसचा जुना डबा काढला. तीन पूड, झाकणावर खिळ्याने कोरलेलं नाव. वेटरला म्हणाले, "एक व्हेज पुलाव यात भरून द्याल का?" वेटर डबा घेऊन आत गेला. आला तेव्हा खालच्या दोन पुडांत पुलाव होता आणि वरच्यात कांदा-लिंबू, आम्ही मागितलं नव्हतं ते.

आईने संध्याकाळी तो गरम केला. @अबूधाबीकर, ती विचारतेय की झेरेश्क मुंबईत कुठे मिळेल, आणि तुपाऐवजी खोबरेल तेलात परतलं तर चालेल का.

अबूधाबीकर

काकूंना सांगा, क्रॉफर्ड मार्केटच्या सुक्या मेव्याच्या दुकानांत "झेरेश्क" असं नाव घेऊन विचारा. नाही मिळालं तर मी सुट्टीत येताना अर्धा किलो आणतो. खोबरेलात मी कधी केलं नाही, त्यांनी करून बघावं आणि इथे लिहावं.